टायर फुटतो तो कमी हवेमुळे

मार्च उजाडला की पंक्चरवाल्याकडे आणि पेट्रोल पंपाच्या हवेपाशी एक सल्ला हमखास मिळतो : "ऊन वाढलंय, दोन-तीन पॉइंट हवा कमीच ठेवा. नाहीतर तापून फुटेल." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. तापल्यावर हवा प्रसरण पावते, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. महामार्गावर तर तो जिवावर बेतू शकतो.

आधी हिशेब पाहू. पहाटे 27 अंश तापमानात टायरमध्ये 32 पीएसआय हवा भरली आणि अकोल्यात दुपारी पारा 45 अंशांवर गेला, तर दाब वाढतो जेमतेम तीन पीएसआयने. गाडी वेगात पळवली की आणखी चार-पाचने. म्हणजे झाले चाळीसच्या आसपास. टायरच्या बाजूवर कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो. मोटारींच्या टायरवर तो बहुधा 44 किंवा 51 असतो, आणि टायर फुटण्याची मर्यादा त्याच्याही बरीच पुढे असते. उन्हाने आणि धावण्याने दाब वाढणार हे धरूनच कंपनीने थंड टायरसाठी आकडा ठरवलेला असतो. ती वाढ आपण पुन्हा वजा करायची नसते.

खरा घात होतो तो उलट्या बाजूने. गाडीचे वजन टायरचे रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, जास्त वाकते. चाक फिरताना तिचा प्रत्येक भाग रस्त्यापाशी आला की दबतो आणि पुढे गेला की सरळ होतो. 185/65 आर 15 या मापाच्या टायरचा घेर सुमारे 1.95 मीटर भरतो. ताशी 120 किलोमीटर वेगाने जाताना हे चाक सेकंदाला जवळपास सतरा फेरे घेते. म्हणजे तीच जागा सेकंदाला सतरा वेळा वाकते आणि सरळ होते, आणि हे तासन् तास चालू राहते. या वाकण्यातून उष्णता तयार होते. हवा जितकी कमी तितके वाकणे जास्त, आणि वाकणे जास्त तितकी उष्णता जास्त. आतल्या पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड त्या उष्णतेने सुटू लागते. मग एका क्षणी वरचा थर सोलून निघतो किंवा बाजू फाटते. बाहेरून पाहणारा म्हणतो, "उन्हाने फुटला."

अमेरिकेत याची फार मोठी किंमत मोजावी लागली. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते. थर सुटून गाड्या उलटल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. उष्ण राज्यांत अपघात जास्त झाले. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण फोर्डने या गाडीसाठी सुचवलेला 26 पीएसआय दाब कमी होता का, यावरून दोन्ही कंपन्यांत जाहीर वाद झाला. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे तिथल्या नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आपल्याकडे हा विषय आता अधिक तातडीचा झाला आहे, कारण 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. गावातल्या खड्ड्यांतून ताशी चाळीसने जाणारी गाडी कमी हवेवर वर्षभर निभावून नेते. तीच गाडी पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन तासन् तास शंभर-एकशेवीसने धावते, तेव्हा त्या टायरची खरी परीक्षा होते.

तेव्हा आकडा कुठला पाळायचा? चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दरवाजाच्या कडेवर स्टिकर दिसेल; काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. गणपतीला कुटुंब घेऊन कोकणात निघताना दुसरा आकडा लागतो आणि नेमका तोच कुणी पाहत नाही. टायरवर छापलेला कमाल आकडा भरू नका, तो तुमच्या गाडीसाठी नाही. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालण्याआधी मोजा. तापलेल्या टायरचा दाब 36 दिसला म्हणून तो 30 वर आणलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंचविसाच्या आसपास असेल. पंपावर हवा मोफत मिळते, तो ग्राहकाचा हक्कच आहे. पण तिथल्या यंत्राच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. दाब मोजायचा स्वतःचा गेज काही शे रुपयांत मिळतो. गाडीच्या सीट कव्हरपेक्षा तो आधी घ्यावा. नायट्रोजन भरल्याने बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दाब तपासायचे काम त्याने चुकत नाही.

टायरचे वयही वाचायला शिका. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याला चिरा पडतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात जरा लवकरच. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की कितीही नवा दिसो, काढावा. नवा घेतानाही ही तारीख बघूनच घ्या. नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. खाचांत तेवढ्याच उंचीचे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. माझे मत विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर इतकी वाट पाहू नये. खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर गाडी पाण्याच्या थरावर तरंगते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. दुकानदार पुढे सुचवेल, पण ओल्या वळणावर मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाला ती आवरत नाही.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर पाय ब्रेकवर आदळू देऊ नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरल्यावरच डाव्या कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, माणसांना कठड्यापलीकडे उभे करा. चालत्या वाहतुकीच्या बाजूचे चाक स्वतः बदलू नका, महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून मुक्काम गाठायचा नाही, पुढच्या इंटरचेंजला उतरून टायरचे दुकान गाठायचे. त्या स्टेपनीतली हवाही निघण्यापूर्वी मोजलेली असू द्या.