हळू चालवायची सायकल

सकाळी सहा ते सात या तासाभरात रोहा-अष्टमीच्या पुलावर कुणालाच आपल्या वेगानं जाता येत नाही. दिव्याकडची गाडी पकडायला निघालेले लोक स्टेशनाच्या रोखानं झपझप येतात. पहिल्या पाळीचे कामगार मोटरसायकलींवरून उलट दिशेला धाटावकडे सुटलेले असतात, मधूनच एखादी रिक्षा नाक खुपसते, आणि कठड्याच्या कडेनं फिरायला निघालेली मंडळी तिघं-चौघं आडवी, गप्पा मारत. या गर्दीत सायकलवाल्याची जागा विचित्र. चालणाऱ्यांना तो अंगावर आल्यासारखा वाटतो आणि मोटरसायकलवाल्यांना त्याचा खोळंबा होतो. दोन्हीकडून बोलणी त्यालाच.

मी अष्टमीचा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. पाळ्या फिरत्या: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. घरापासून गेटपर्यंतचं अंतर पाच-सहा किलोमीटर, ते सायकलनं जातो. व्यायाम, पर्यावरण ही कारणं विचारणाऱ्यांना सांगायला बरी पडतात. खरं कारण इतकंच की एवढ्याशा अंतरासाठी पेट्रोल पंपावर रांग लावायचा कंटाळा येतो.

सायकल चालवणं म्हणजे पायडल मारणं, असं न चालवणाऱ्यांना वाटतं. पुलावर पायडल मारायचा प्रश्न फारसा येतच नाही. तिथं काम असतं ते न पडता हळू जाण्याचं. दोन बोटं मागच्या ब्रेकवर, पायडल अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि नजर समोरच्याच्या डोक्यावर नाही, टाचांवर. माणूस वळायच्या आधी त्याची टाच वळते. फोनवर बोलणारा माणूस आडवा कधी सरकेल हे डोक्यावरून कळत नाही, पण एक पाऊल तिरकं पडलं की आपण ब्रेक दाबायला मोकळे.

वेगात सायकल आपणहून उभी राहते, हे लहानपणी हात सोडून चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुणधर्म तिला तोलून धरतो, असं स्पष्टीकरण बरीच वर्षं दिलं जाई. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मुद्दाम बनवलेली सायकल मांडली. उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी तिच्यातला हा गुणधर्म पुसून टाकला होता. तरीही ढकलून सोडली की ती एकटीच तोल सांभाळत जायची. फक्त वेग हवा. वेग गेला की कुठलीही सायकल लटपटते, आणि मग तोलाचं सगळं काम हँडल, कंबर आणि गुडघे यांच्यावर येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंद सायकलची शर्यत असते ती याच गोष्टीची परीक्षा. जो शेवटी पोचतो तो पहिला, पाय टेकला की बाद. एरवी गावभर सुसाट हिंडणारी पोरं तिच्यात पहिल्या दहा फुटांत बाद होतात.

आता घंटीबद्दल. घंटी जवळून वाजवू नये, हे पुलावर फार लवकर समजतं. मागून अचानक ‘ट्रिंग’ झालं की माणूस दचकून सरकतो आणि नेमका त्याच बाजूला सरकतो जिकडून आपण निघणार असतो. जोडप्यानं चालत असतील तर नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, मग दोघांच्याही लक्षात येतं की आपण फाटलो, आणि दोघंही पुन्हा मध्ये येतात. तोवर सायकल त्यांच्यामध्ये. म्हणून घंटी वाजवायची तर वीस-पंचवीस पावलं आधी. त्याहून चांगला उपाय फ्रीव्हीलचा. पायडल थांबवून जरा मागे फिरवलं की मागच्या चाकातून टकटकटक असा आवाज येतो. त्या आवाजानं कुणी दचकत नाही, कुणाला आपल्याला हटकलं असंही वाटत नाही; मागं काहीतरी आहे एवढंच कळतं आणि लोक आपोआप एका बाजूला होतात. नव्या कोऱ्या, तेलपाणी केलेल्या सायकलींना हा आवाज नीट येत नाही. माझी जुनी आहे, तिचा पुलाच्या दुसऱ्या टोकाला जातो.

आवाज कानी न जाणारे म्हणजे कानात बोंडं घातलेले. त्यांच्यासाठी तोंडच वापरावं लागतं, आणि कुणाला काय म्हणून हाक मारायची हे ठरवायला एक क्षण मिळतो. अष्टमीच्या बाजूला पांढरी दाढी दिसली तर ‘चाचा, डावीकडनं येतोय’. पुलापलीकडे ‘काका’. कॉलेजच्या मुलींना काहीही न म्हणता उतरून चालत पुढं जाणं बरं. हा गोंधळ आमच्याच पुलावरचा नाही. इंग्लंडमध्ये जुन्या कालव्यांच्या काठानं घोडे नावा ओढत नेत. घोडे गेले आणि त्या अरुंद वाटा चालणारे, पळणारे आणि सायकलवाले यांनी वाटून घेतल्या. लंडनमध्ये भांडणं इतकी झाली की सायकलवाल्यांनी दोनदा हलकी घंटी वाजवावी, अशी मोहीम तिथल्या कालव्यांच्या व्यवस्थापनाला चालवावी लागली. दोनदा का, हे मला पुलावर समजलं. पहिली घंटी कुणासाठी आहे ते कळत नाही, दुसरी आपल्यासाठी आहे हे कळतं.

पुलाखालची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते, याचं श्रेय बरंचसं घाटमाथ्याला. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पाडतात आणि वीज काढून झाली की ते कुंडलिकेत सोडतात. भिरा १९२७ साली सुरू झालं. त्याआधी, १९२१ पासून, सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध झाला होता. म्हणजे कोलाडला सकाळी तराफ्यांवरून उड्या मारणारे पर्यटक, धाटावचे कारखाने आणि आमच्या नळाचं पाणी, सगळं मुळशीच्या बुडालेल्या गावांचं देणं लागतं. शिवाय खालून समुद्राची भरती रोह्यापर्यंत चढते. पुलावर सायकल हळू चालवणाऱ्याला दोन्ही दिसतं: वरून आलेलं पाणी आणि ओहोटीला उघडा पडलेला चिखल, त्यात रुतलेली होडी. मोटरसायकलवाल्याला फक्त पुढची मोटरसायकल दिसते.

पूल ओलांडल्यावर दोन पर्याय. एक, बाजारातून कोलाड रस्त्यानं, वरसे, रोठ करत सरळ धाटाव. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. टँकर, ट्रेलर, कंपनीच्या बसगाड्या आणि डांबराच्या कडेला उतरलेली वीतभर खडी. टँकर मागून आला की आपण खडीत, एवढाच त्याचा नियम. दुसरा पर्याय कालव्याचा. डोलवहालच्या बंधाऱ्याचं पाणी आंबेवाडीकडून निवीकडे आणायला डाव्या तीरावर जो कालवा काढला, त्याच्या पाण्यासाठी गावकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. पाणी येवो न येवो, कालव्याचा भराव मात्र आहे, आणि भरावावरून पायवाट आहे. ती कुणी सायकलींसाठी केलेली नाही. कुणासाठीच केलेली नाही, म्हणून सगळ्यांची आहे.

या वाटेवर पाटी नाही, पट्टा नाही, तरी नियम पक्के आहेत. समोरासमोर आलो तर ज्याच्याकडे ओझं तो वाटेवर राहतो, मोकळा माणूस उतारावर उतरतो. म्हशी आल्या तर सगळेच उतरतात, त्यांना नियम समजावून सांगायच्या फंदात कुणी पडत नाही. मोऱ्यांवर वाट एकाच चाकाइतकी राहते. तिथं जो आधी पोचेल त्याचा हक्क, पण दुसरा पोर घेऊन असेल तर त्याचा. कुत्र्यांचा भाग वेगळा. ऊन पडलेल्या जागेवर झोपलेलं कुत्रं वळसा घालून टाळायचं. त्याच्या शेपटीला चाक न लावणं हा सायकलवाल्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.

पावसाळ्यात सगळं बदलतं. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांतच उरकून घेतो. डोलवहालपाशी कुंडलिकेची धोक्याची पातळी २३.९५ मीटर धरतात. पाणी तिकडं चढू लागलं की पाळीला निघण्याआधी सायकलच्या हवेऐवजी फोनवरचे निरोप तपासावे लागतात. कालव्यावर शेवाळ धरतं. पुढचा ब्रेक विसरायचा, तो दाबला की तोंडावर. ब्रेकचे रबर एका पावसाळ्यात संपतात, चेन गंजून लाल होते. पुलापलीकडचे सायकल दुरुस्तीवाले काका दर जूनमध्ये तेच सांगतात, ‘तेल घाल, ग्रीस नको. ग्रीसला चिखल चिकटतो.’ पंक्चर काढायला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतात, बुडबुडा दिसला की बोट ठेवतात आणि सोल्युशन लावून वाळेपर्यंत राजकारण. त्यांच्याकडे पूर्वी धाटावला जाणाऱ्यांच्या काळ्या सायकली यायच्या. आता येतात त्या पोरांच्या गिअरवाल्या, बहुतेक वाढदिवसाला मिळालेल्या आणि दिवाळीपर्यंत मोडलेल्या.

काळ्या सायकली गेल्या हे मात्र खरं. २०११ च्या जनगणनेनं विचारलं होतं की कामावर कसे जाता. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के लोकांनी सायकल सांगितली, मोटरसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. पुन्हा कुणी मोजलं तर उलटं दिसेल अशी मला खात्री आहे. अ‍ॅटलस कंपनीनं साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाला. आमच्या कारखान्याच्या सायकल स्टँडवर पत्रा आजही सायकलींच्या मापाचा आहे, मोटरसायकलींची मागची चाकं उन्हात राहतात. मोटरसायकल घेतली म्हणून मी कुणाला दोष देत नाही. रात्री अकराला पाळी सोडून भिसे खिंडीपलीकडं जायचं असेल तर मीही घेतली असती.

रात्रीच्या पाळीत कालव्याची वाट टाळतो, एक अपवाद वगळता. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की वलगण लागते. नदीतले मासे ओढ्या-कालव्यांतून उलटे चढतात, आणि कालव्याच्या वाटेवर रात्री अकरालाही माणसं असतात. बॅटऱ्या, कंदील, खांद्यावर जाळी, हातात कोयते, पोरं चिंबोऱ्यांच्या मागं. तेव्हा सायकल हातात धरून चालण्याशिवाय उपाय नाही, आणि कुणी ना कुणी ‘ओ भाऊ, दिवा जरा इकडं दाखवा’ म्हणून थांबवतं. माझा डायनॅमो चाक फिरल्याशिवाय पेटत नाही. मग सायकल स्टँडवर लावून हातानं पायडल फिरवत एकाला उजेड द्यायचा, तोवर मासा गेलेला असतो.

तीनला सुटणाऱ्या पाळीत दुसरा प्रकार भेटतो. डोंगराकडून मोळ्या घेऊन येणाऱ्या कातकरी बायका. मोळी डोक्यावर आडवी असते, वाटेहून लांब. मोळीखाली मान वळत नाही, त्यामुळं मागून काय येतंय ते बाईला दिसत नाही. घंटी वाजवली तर ती अंगासकट वळते आणि मोळीचं टोक आपल्या तोंडासमोरून फिरतं. फ्रीव्हीलचा आवाज चपलांच्या आणि बोलण्याच्या आवाजात बुडतो. त्यामुळं उतरायचं, सायकल हातात घ्यायची आणि मोरी येईपर्यंत मागून चालायचं. मोरीपाशी त्या मोळ्या कठड्याला टेकवून थांबतात, तिथं वाट मोकळी होते.

एकदा अशीच चार जणींची ओळ रोठपासून पुढे होती आणि ऊन चांगलंच लागत होतं. बऱ्याच वेळानं सगळ्यात मागची मोरीवर टेकली, घाम पुसला आणि माझ्याकडं, मग सायकलकडं बघून पुढचीला म्हणाली, ‘गाडी हाय नि चालत येतं बघ.’ पुढची म्हणाली, ‘पंक्चर असंल.’ मी नाही म्हटलं. तेव्हा चौघी हसल्या, आणि पहिलीनं विचारलं, मग मोळी मागच्या कॅरिअरवर बांधून अष्टमीपर्यंत नेशील का.

कॅरिअरवर ती मोळी मावली नसती. दोन्हीकडून तीन-तीन फूट बाहेर आली असती, आणि पूल ओलांडायचा राहिला होता.