पहिलीत जाऊ या, पण जपानमध्ये!

समजा, तुमचा वाढदिवस १ एप्रिलला आणि तुमच्या मित्राचा २ एप्रिलला. साल तेच. जपानमध्ये राहत असाल, तर तुम्ही दुसरीत जाल तेव्हा तो पहिलीत येईल! असं का? तिथल्या कायद्यात माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच वाढतं. म्हणून तुम्ही ३१ मार्चलाच सहा वर्षांचे झालात आणि १ एप्रिलला सुरू होणारं शाळेचं वर्ष तुम्हाला गाठता आलं. मित्राची संधी एका दिवसानं हुकली. तुम्ही तुमच्या वर्गात सगळ्यांत लहान, तो त्याच्या वर्गात सगळ्यांत मोठा.

त्याआधी बालवाडी. आई-बाबा नोकरीला जात असतील, तर अगदी तान्ह्या बाळांनाही घेणारं 'होइकुएन' असतं. तीन वर्षांनंतर 'योचिएन'ही असतं. सक्ती नाही, तरी बहुतेक मुलं जातात आणि भरपूर खेळतात.

पहिलीतलं एक काम मला फार आवडतं. प्रत्येक मुलाला एक कुंडी मिळते. तिच्यात 'असागाओ'चं बी पेरायचं. ही सकाळी उमलणाऱ्या, कर्ण्यासारख्या फुलांची वेल. रोज पाणी घालायचं, पानं मोजायची, चित्रं काढायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बरीच मुलं ती कुंडी घरी नेतात. विज्ञानाचं पुस्तक हातात येतं थेट तिसरीत, पण निरीक्षण करायला मुलं केव्हाच शिकलेली असतात!

आता जेवण. शाळेत जेवण देण्याची सुरुवात १८८९ साली त्सुरुओका गावात झाली. देवळातल्या एका शाळेनं गरीब मुलांना भाताचे मुटके, भाजलेला मासा आणि लोणचं दिलं. आज बहुतेक प्राथमिक शाळांत जेवण मिळतं आणि वाढतात मुलंच. पांढरा डगला, टोपी, तोंडाला मास्क, हातात डाव! पाळी आली की पहिलीतलं पिल्लूही वाढपी होतं. बाईही वर्गातच बसून तेच जेवतात. मग साफसफाई: बाकं सरकवायची, झाडू मारायचा, ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकवून ओणवं धावत फरशी पुसायची. ही शिक्षा नव्हे बरं का, हा अभ्यासाइतकाच शाळेचा भाग आहे. मला तर हे गणिताइतकंच मोलाचं वाटतं.

प्राथमिक शाळेची सहा वर्षं आणि माध्यमिकची तीन, असं नऊ वर्षांचं शिक्षण १९४७ पासून सक्तीचं आहे. लिपीसुद्धा सोपी नाही: चित्रांसारखी दिसणारी १०२६ कांजी अक्षरं सहावीपर्यंत शिकायची असतात.

पुढची तीन वर्षं, म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, सक्तीची नाही. तरी जवळजवळ सगळेच जातात, आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. म्हणून नववीतली कितीतरी मुलं शाळा सुटल्यावर 'जुकू' नावाच्या खासगी क्लासला जातात आणि रात्री उशिरा घरी येतात. तुमच्या दहावीतल्या ताई-दादाला हे सांगून बघा, त्यांना ते अगदी ओळखीचं वाटेल!