चार चाकांचा जोर, तरी गाडी का घसरते?

गेल्या हंगामात वडगाव रासाईला उधारीच्या वसुलीस जाताना आमची जुनी, कायम चारही चाकांवर चालणारी गाडी वळणावर मागून घसरू लागली. उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातली काळी माती डांबरावर आणलेली, वर अवकाळी सर. मिस्त्रीने डिफरन्शियलवर बोट ठेवले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही चहाही घेतला नाही.

हकीकत निराळी निघाली. काटकसर म्हणून आम्ही दोनच टायर नवे घेतले होते, तेही पुढे; मागचे जवळजवळ गुळगुळीत. मागची पकड आधी सुटली की गाडी फिरते. शिवाय चाकांचा घेर कमीजास्त झाला, की पुढची-मागची चाके जोडणारा भाग सतत ताणाखाली राहून झिजतो. जिप्सीत निदान लिव्हरने ही जोडणी सोडता येते. आणि चार चाकांचा जोर गाडी चिखलातून काढतो, ब्रेकच्या वेळी तो कामाचा नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांनी आधी चारही टायरांची नक्षी पाहावी. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. चिखलात तीही अपुरी. हवा थंड टायरात तपासावी. मग बुश, शॉक अब्सॉर्बर, अलाइनमेंट. डिफरन्शियल खोलणे सर्वांत शेवटी.

चारही टायर एकसारखे घातले, तशी पुढच्या खेपेला कापडाच्या गाठी भरूनही गाडी सरळ गेली. वसुली मात्र निम्मीच झाली.