बिघडलेली हार्ड डिस्क आणि घरची अमानत

पूर्वी घरातली महत्त्वाची कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीत असत. निकाहनामा, सातबाऱ्याचा उतारा, हजला जाण्यापूर्वी काढलेला आजोबांचा फोटो. आज त्या पेटीचे काम तळहातावर मावणारी हार्ड डिस्क करते. निकाह-वलीम्याचे व्हिडिओ, मुलांचे अकीक्यापासूनचे फोटो, दुकानाचा हिशेब, मरहूम दादीच्या आवाजातली तिलावत, सारे तिच्यातच. मग एखाद्या दिवशी ती हातातून निसटून फरशीवर पडते. संगणकाला जोडली की आतून टक्-टक् आवाज येतो आणि स्क्रीनवर तिचे नावही दिसत नाही. अशा वेळी घाबरून केलेले उपाय मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान करतात. म्हणून नेमके काय करावे आणि काय टाळावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

आत काय बिघडते?

हार्ड डिस्कमध्ये अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या अतिशय गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. माहिती वाचणारे बारीक 'हेड' तबकडीला न टेकता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून या अंतराची कल्पना यावी. धक्का बसला की हेड तबकडीवर आपटते आणि चरा पडतो. त्या चऱ्याची पूड आतच फिरत राहून आणखी चरे पाडते. त्यामुळे डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे जखम पुन्हा पुन्हा उघडणे होय.

पहिला उपाय: बंद करा

डिस्क पडलेली नसेल, आवाजही येत नसेल, तर आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. कधी कधी दोष तेवढाच असतो. पण टक्-टक् किंवा खरखर ऐकू आली, तर वीज लगेच बंद करावी.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये. आत दव धरते आणि तबकड्या खराब होतात. डिस्कवर टिचक्या मारू नयेत. घरी झाकण उघडू नये. धुळीचा एक कणही हेडच्या वाटेतला धोंडा ठरतो. माहिती परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरे चुकून पुसलेल्या फायलींसाठी असतात, मोडलेल्या यंत्रासाठी नव्हे. संगणक स्वतःहून 'डिस्क दुरुस्त करू का' किंवा 'फॉरमॅट करू का' असे विचारतो, तेव्हाही नकार द्यावा.

जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणमध्ये पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. पुरात भिजलेली डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये. पाणी सुकते, पण त्यातला गाळ तबकडीला चिकटून बसतो. ती ओलसर कापडात गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी आणि लवकर तज्ज्ञाकडे पोहोचवावी.

दुरुस्ती म्हणजे काय?

येथे बऱ्याच कुटुंबांचा गैरसमज होतो. अशी डिस्क दुरुस्त होऊन पुन्हा वापरात येत नाही. धूळमुक्त खोलीत तज्ज्ञ ती उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून तिच्यात बसवतात आणि ती चालेल तेवढ्या वेळात माहितीची नक्कल करून घेतात. आधी शाबूत भाग, मग खराब भाग. खालचा सर्किट बोर्ड जळाला असेल, तर नुसता दुसरा बोर्ड लावून सहसा भागत नाही. त्या विशिष्ट डिस्कची जुळणी साठवलेली चिपही नव्या बोर्डवर न्यावी लागते. या कामाचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो.

म्हणून खर्चाआधी घरात बसून एकच प्रश्न विचारावा: हिच्यात असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? काहीच नसेल, तर सरळ नवी डिस्क घ्यावी. वॉरंटी असेल तर बदलूनही मिळेल. मात्र वॉरंटी डिस्कची असते, आतल्या माहितीची नव्हे, आणि जुनी डिस्क सहसा कंपनी ठेवून घेते. आत मोलाचे काही असेल, तर आधी माहिती काढावी, मग वॉरंटीचा विचार करावा.

उमेद मात्र सोडू नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत एक जळालेली हार्ड डिस्क सापडली. तिच्या तबकड्या शाबूत असल्याने तज्ज्ञांनी ९९ टक्के माहिती परत मिळवली आणि तिच्यातल्या शास्त्रीय प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तबकडी वाचली, तर पुष्कळ काही वाचते.

दुकानात देण्यापूर्वी

डिस्कमध्ये आपल्या घरच्या स्त्रियांचे, मुलींचे फोटो असतात, बँकेची कागदपत्रे असतात. ती परक्या हाती देताना संकोच करू नये, स्पष्ट बोलावे. अंदाजे खर्च लेखी घ्यावा. माहिती मिळाली नाही तर पैसे किती, हे आधी विचारावे. नक्कल आपण दिलेल्या नव्या डिस्कवर घ्यावी, जुनी डिस्क परत मागावी आणि दुकानातली नक्कल पुसल्याची खात्री करावी. भंगारात देण्यापूर्वी जुन्या डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत.

आपल्यातले अनेक तरुण मोबाइल-संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाइकाची डिस्क ही त्यांच्याकडे अमानत असते. त्यातले फोटो चाळणेसुद्धा खयानत आहे, हे त्यांना घरातूनच सांगितले पाहिजे.

एकाच ठिकाणी ठेवू नका

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या सूचनेवरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम सोपवले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांत पाठवल्या. अल्लाहच्या कलामाशी आपल्या घरगुती फायलींची तुलना होऊच शकत नाही. परंतु मौल्यवान गोष्ट एकाच जागी विसंबून ठेवू नये, ही शिकवण आपल्या इतिहासातच आहे.

म्हणून महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे बहिणीच्या किंवा भावाच्या घरी अथवा क्लाउडवर. नव्या एसएसडीत फिरणारे भाग नसतात, पडल्यावर ती जास्त तग धरते. पण ती कधी कधी आवाज न करता अचानक बंद पडते. प्रती तिच्याही हव्यात.

दर वर्षी रमजानपूर्वी आपण घर झाडून-पुसून घेतो. त्याच दिवसांत एक संध्याकाळ या प्रती उघडून पाहण्यासाठी काढावी. मुलांना शेजारी बसवावे आणि दादीची तिलावत लावावी. ती नीट ऐकू आली, की प्रत शाबूत आहे याची खात्री होईल, आणि ज्यांनी दादीला पाहिले नाही त्या नातवंडांना तिचा आवाजही ऐकायला मिळेल.