टी-शर्टची गोधडी

बोरीवलीत मी गेली अनेक वर्षं शिवणकाम करते, क्लासही घेते. दहीहंडी-गणपती उरकले की घराघरांत कपाटं आवरायला निघतात आणि माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "काकू, टी-शर्टांचा ढीग झालाय. टाकवत नाहीत आणि घालवतही नाहीत. काय करू?" त्या ढिगात गोविंदा पथकाचे दरवर्षीचे टी-शर्ट असतात. गणेशोत्सव मंडळाचे असतात, त्यांवर विसर्जनाच्या गुलालाचे डाग तसेच असतात. मुलांच्या शाळेतल्या लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या हाउसचे असतात. 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून धावणाऱ्यांच्या घरी त्या टी-शर्टांची भर पडली आहे. साड्या बोहारणीला देताना मन फारसं अडत नाही, पण ज्या टी-शर्टवर पोराचं नाव छापलंय तो द्यायला हात धजत नाही.

माझं उत्तर ठरलेलं असतं : गोधडी शिवा.

ही कल्पना काही नवी नाही. आमच्या घरी कोल्हापूरकडे आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, आईच्या पातळाचे काठ, सगळं एका वाकळीत जायचं. थरावर थर अंथरायचे आणि सगळ्यांतून धावदोरा घालायचा. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका याच पद्धतीने कवंदी शिवतात. त्या कडेपासून टाके घालायला लागतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. बंगालची कांथा, बिहारची सुजनी यांचीही जातकुळी हीच. लुगडी-धोतरं गेली, त्यांच्या जागी टी-शर्ट आले, एवढाच काय तो फरक.

गोधडी माणसाची आठवण किती सांभाळू शकते, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. एड्सने गेलेल्या माणसांसाठी तिथे आप्तांनी आणि मित्रांनी प्रत्येकी तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याच्या मापाचे, कापडी तुकडे शिवले. ऑक्टोबर 1987 मध्ये ते वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा अंथरले तेव्हा 1,920 तुकडे होते. त्या माणसांचे टी-शर्ट, जीन्स, जॅकेटं त्यांवर शिवलेली आहेत. माझ्याकडेही एक ताई नवऱ्याचे टी-शर्ट घेऊन आल्या होत्या. "काकू, कात्री लावायची म्हटलं तरी हात थरथरतो," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, जो सगळ्यांत कमी जिवाभावाचा असेल तो आधी कापा. तसंच करावं. पहिला चौकोन नीट निघाला की पुढचं धैर्य आपोआप येतं.

आता कापडाविषयी. साडी आडव्या-उभ्या धाग्यांची असते, टी-शर्ट स्वेटरसारखा फासात फास घालून विणलेला असतो. म्हणून तो ताणतो, कापला की त्याच्या कडा वळतात. तसाच शिवलात तर गोधडीला झोळ पडतो. त्यावर उपाय फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा. अस्तर-बटणांच्या दुकानात पातळ फ्यूजिंग मीटरवर मिळतं. टी-शर्ट धुऊन वाळवा, शिवणी उसवून छापाचा भाग मोठा ठेवून कापा, उलट्या बाजूला फ्यूजिंग ठेवा आणि इस्त्री न घासता दाबत दाबत चिकटवा. नेमका चौकोन त्यानंतरच कापायचा. छापावर इस्त्री थेट कधीही टेकवू नका, रंग वितळतो, मध्ये सुती फडका हवाच. मॅरेथॉनचे आणि बऱ्याच पथकांचे टी-शर्ट पॉलिएस्टरचे असतात. त्यांना उष्णता सोसत नाही, तेव्हा आधी बाहीच्या तुकड्यावर इस्त्री करून बघा.

माप सोपं आहे. 15 इंचांचे 24 चौकोन घ्या, चार आडवे आणि सहा उभे. अर्धा इंच शिवण धरली की गोधडी 56 बाय 84 इंच होते, एका माणसाच्या पलंगाला भरपूर. लहान मुलांचा टी-शर्ट मापाला पुरत नसेल, तर त्याच्याच पाठीच्या कापडाची पट्टी भोवती जोडा. सगळे चौकोन जमिनीवर मांडून बघा. गडद रंग एका कोपऱ्यात गोळा होऊ देऊ नका. मनासारखी मांडणी झाली की मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक चौकोनाला आकड्याची चिठ्ठी टाचा. मशिनला बॉलपॉइंट सुई लावा. साधी टोकदार सुई फास तोडते आणि धुतल्यावर तिथे भोक पडतं. बॉलपॉइंटचं टोक गोलसर असल्याने ते फास बाजूला सारून खाली जातं.

परदेशी पुस्तकांत आत जाड थर भरायला सांगतात. मुंबईत तो घालू नका. नॅशनल पार्कच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत थोडा गारठा असतो, पण त्याला आत एक जुनी सुती चादर पुरते. पाठीला सुती साडी लावा. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन तुकडे लांबीत जोडले की साधारण 90 बाय 108 इंचांचं कापड होतं. पाठ निघून उरलेल्या कापडात अडीच इंची तीन लांब पट्ट्या काढल्या, की चारही बाजूंची गोटही त्यातच भागते. धावदोरा छापाच्या भोवतीने घाला. रबरी छापातून सुई काढलीत तर पडलेलं भोक कधीच बुजत नाही.

उरलेल्या बाह्या-पाठीही वाया जात नाहीत. त्यांच्या पट्ट्या कापून ताणल्या की त्या गुंडाळून दोरीसारख्या होतात. तीनपेडी वेणी घालून, ती गोल फिरवत शिवली की पायपुसणं तयार. बाह्या आणि गळा कापून खालची बाजू दुहेरी शिवली की बाजाराची पिशवी होते. 2018 पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ती पाळायला ही पिशवी उपयोगी पडेल. मऊ झालेल्या सुती टी-शर्टांचं बाळासाठी दुपटंही शिवता येतं, मात्र छापाचा भाग त्यात घेऊ नये.

एक आग्रह मात्र मी प्रत्येकीला करते. गोधडी तयार झाली की तिची घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर टाकू नका. आपल्याकडची गोधडी पांघरण्यासाठी होती, म्हणून ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायची आणि कुठला तुकडा कुणाचा, हे पोरं झोपता झोपता विचारायची. टी-शर्टची गोधडीही पांघरा, गार पाण्यात उलटी करून धुवा, सावलीत वाळवा. टाका उसवला तर पुन्हा घाला.

एकदम 24 चौकोनांना हात घालायची भीती वाटत असेल तर उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात करा. 16 इंची उशीला पुढे 17 इंचांचा चौकोन आणि मागे 17 बाय 12 चे एकमेकांवर येणारे दोन तुकडे पुरतात, चेनही लागत नाही. येत्या रविवारी कपाटातला एक टी-शर्ट बाहेर काढा आणि कात्री लावा.