मोबाईलचा पुढचा डोळा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. मोबाईलच्या तोंडाशीं जो लहानसा कॅमेरा असतो, ज्यांत पाहून तरुण मंडळी स्वतःचीं छायाचित्रें काढतात, त्याचे गुणदोष हा कांहीं गंभीर विवेचनाचा विषय नव्हे, असें वाटणें स्वाभाविक आहे. दहाबारा वर्षांपूर्वीं तें खरेंहि होतें. सेल्फी अंधुक आली तर दुसरी काढावी. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नसे. परंतु मध्यंतरीं या खेळण्यावर सरकारी कामाचा भार येऊन पडला, आणि तेव्हांपासून त्याच्या उणिवांना निराळेंच महत्त्व आलें आहे.

उदाहरणादाखल वाशिम जिल्ह्यांतील रिठद हें गांव घ्या. रिसोड तालुक्यांतलें, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या मुलखांतलें हें गांव. अशा गांवीं राहणारे एखादे सेवानिवृत्त शिक्षक, किंवा कोणा सरकारी नोकराची वृद्ध विधवा, यांना दरवर्षीं नोव्हेंबरांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला न पोंचल्यास निवृत्तिवेतन थांबतें. पूर्वीं त्यासाठीं बँकेंत वा कोषागारांत समक्ष जावें लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘जीवन प्रमाण’ ही योजना निघाली आणि यंत्रावर बोटाचा ठसा देऊन दाखला मिळूं लागला. पण जन्मभर ज्या हातांनीं विळा धरला, भांडीं घांसलीं, त्यांच्या बोटांवरील रेषा म्हातारपणीं झिजून गेलेल्या असतात. यंत्राला त्या वाचतां येत नाहींत. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्यें चेहरा दाखवून ओळख पटविण्याची सोय झाली. घरबसल्या मोबाईल समोर धरावयाचा, डोळे मिचकवावयाचे, आणि आधारच्या नोंदींतील छायाचित्राशीं चेहरा जुळला कीं दाखला तयार. सोय उत्तम आहे, याविषयीं मला शंका नाहीं. तिच्यासाठीं फोनचा पुढचा कॅमेरा निदान पांच मेगापिक्सलचा असावा, असें सूचनापत्रांत म्हटलें आहे. अडचण एवढीच कीं, मेगापिक्सलचा आंकडा हें या डोळ्याच्या दृष्टीचें माप नव्हे.

हा डोळा आंतून कसा असतो तें पाहूं. कॅमेऱ्यांत एक भिंग असतें, आणि भिंगामागें प्रकाश टिपणारा सिलिकनचा चौकोनी तुकडा असतो. त्यास सेन्सर म्हणतात. मोबाईलची दर्शनी बाजू जवळजवळ सगळी पडद्यानें व्यापलेली असल्यामुळें कारखानदाराला या कॅमेऱ्यासाठीं टिकलीएवढी जागा देणेंहि जड जातें. पुष्कळशा फोनांत हा सेन्सर सुमारें साडेतीन मिलिमीटर लांब व पावणेतीन मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या डाळीच्या एका दाण्यावर मावेल एवढाच असतो. आणि प्रकाश आंत येण्याचें द्वार मोहरीएवढें. या तुकड्यावर आठ मेगापिक्सल, म्हणजे ऐंशीं लक्ष ठिपके बसवावयाचे, तर एकेका ठिपक्याची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून फारशी अधिक राहत नाहीं. माणसाच्या एका केंसाच्या जाडीवर असे साठएक ठिपके ओळीनें बसतील.

आतां अशी कल्पना करा कीं, आपल्या अंगणांत कांहीं घंगाळें व कांहीं लहान वाट्या मांडून ठेविल्या आहेत आणि पावसाची एक हलकी सर येऊन गेली. घंगाळांतील पाणी पाहिलें तर तें सर्वांत सारखेंच दिसेल. वाट्यांत मात्र एकींत सात थेंब, दुसरींत तीन, तिसरींत एकहि नाहीं, असा प्रकार होईल. प्रकाशहि असाच थेंबांथेंबांनीं येतो. भरपूर उजेड असेल तेव्हां प्रत्येक वाटी कांठोकांठ भरते आणि चित्र स्वच्छ उमटतें. उजेड कमी झाला कीं शेजारशेजारच्या ठिपक्यांत विनाकारण फरक पडूं लागतो, आणि गालावर रवा उधळल्यासारखें चित्र दिसूं लागतें. दुकानांत ज्या फोनची बत्तीस मेगापिक्सल म्हणून तारीफ होते, त्यांत वाट्या अधिक असतात, पण त्या त्याच अंगणांत बसविलेल्या असल्यामुळें लहान झालेल्या असतात. कारखानदारांना हें ठाऊक आहे. म्हणून अंधुक उजेडांत असे फोन चार चार ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करतात. म्हणजे बत्तिसांचे आठच उरतात. जाहिरातींत हें सहसा आढळत नाहीं.

चित्रांत असा रवा दिसूं लागला कीं फोनमधील गणितयंत्र तो पुसावयास धांवतें. येथेंच वृद्धांचें नुकसान होतें. रवा कोणता आणि सुरकुती कोणती हें त्या यंत्राला नेहमींच कळतें असें नाहीं. तें दोन्ही पुसून टाकतें. भरीला ‘ब्यूटी’ नांवाची सोय पुष्कळ फोनांत मुळांतच चालू असते आणि ती सत्तर वर्षांच्या आजीबाईंना पंचविशींतल्या मेणाच्या बाहुलीचें रूप देते. कपाळावरच्या आठ्या, नाकाशेजारची घडी, या ज्या खुणांनीं आपण आपलें माणूस ओळखतों, त्याच नाहींशा होतात. आणि हा गुळगुळीत चेहरा जुळवावयाचा कशाशीं? आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देण्यांत आला. त्या सुमारास गांवोगांवच्या शिबिरांत जीं छायाचित्रें निघालीं तींहि लहान कॅमेऱ्यांचींच, आणि आतां पंधरा वर्षांचीं जुनीं. दोन अंधुक चित्रांची गांठ पडल्यावर ओळख पटली नाहीं, तर दोष चेहऱ्याचा नव्हे. आधार केंद्रावर छायाचित्र नवें करून घेतां येतें. तेवढें केलें तरी निम्मा रस्ता सरतो.

उरलेला निम्मा रस्ता उजेडाचा आहे. प्रकाश मोजण्याचें परिमाण लक्स. भर दुपारच्या उन्हांत तो सुमारें एक लक्ष लक्स असतो, मोकळ्या ओसरीवर कांहीं हजार, आणि माजघरांत एका नऊ वॅटच्या दिव्याखालीं पुष्कळदां शंभरहि भरत नाहीं. आपला डोळा इतका लवचिक आहे कीं, हा हजारपट फरक आपल्याला जाणवतहि नाहीं. ‘घरांत चांगला उजेड आहे’ असें आपण म्हणतों. कॅमेऱ्याला तो जाणवतो. प्रकाश पुरावा म्हणून तो चित्र घेण्यास अधिक वेळ लावतो, आणि तेवढ्या अवधींत म्हाताऱ्या माणसाचा हात कांपतो. पूर्वींचे छायाचित्रकार आपल्या स्टुडिओला कांचेचें छप्पर करून उत्तरेचा मंद व समान प्रकाश घेत आणि गिऱ्हाइकाला त्याकडे तोंड करून बसवीत, तें उगीच नव्हे.

याच्या नेमकें उलट आपल्या घरांत घडतें. मोबाईल पाहणारा मनुष्य सोयीसाठीं दाराकडे पाठ करून बसतो, म्हणजे पडदा नीट दिसतो. कॅमेऱ्याला मात्र त्याच्या मागचें लख्ख दार दिसतें. सर्व दृश्य सरासरीनें मध्यम उजळ असावें अशी कॅमेऱ्याची समजूत असल्यामुळें तो दाराकडे पाहून प्रकाश आंवरतो आणि चेहरा काळा ठिक्कर पडतो. चुन्याची पांढरी भिंत आणि डोकीवर पांढरी टोपी असली तरी हाच परिणाम होतो, आणि वर्ण सांवळा असेल तर अधिकच. या बाबतींत यंत्रें अगदींच निःपक्षपाती नाहींत. २०१८ मध्यें अमेरिकेंतील जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या विदुषींनीं तीन कंपन्यांचीं चेहरा पारखणारीं यंत्रें तपासलीं. चेहरा पुरुषाचा कीं स्त्रीचा, एवढाच प्रश्न होता. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक शेंकडा एकाहूनहि कमी. काळ्यासांवळ्या स्त्रियांच्या बाबतींत मात्र ती एका यंत्रांत शेंकडा ३४·७ पर्यंत गेली. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, पण वऱ्हाडांतल्या उन्हांत राबलेल्या चेहऱ्यानें यंत्रापुढें जातांना उजेड आपल्या बाजूचा करून घेणें बरें.

माझ्या मतें सूचनापत्रांत मेगापिक्सलच्या आंकड्याऐवजीं ‘तोंड दाराकडे करून बसा’ एवढेच शब्द ठळक छापले असते तर लोकांवर अधिक उपकार झाले असते. तळपत्या उन्हांत उभें राहावयाचें नाहीं. त्यानें भुंवयांखालीं काळ्या खळग्या पडतात. सकाळीं ओसरीवर बसावें, तोंड अंगणाकडे असावें, पाठीशीं साधी भिंत असावी. पडद्यावर चेहरा दिसूं लागल्यावर ॲप करूं देत असेल तर त्यावर बोट टेकवावें, म्हणजे कॅमेरा त्याच्या मानानें प्रकाश ठरवितो. चष्म्यांत दिव्याचें प्रतिबिंब येऊं देऊं नये.

अंतराचीहि एक गंमत आहे. मागील कॅमेऱ्याचें भिंग पुढेंमागें सरकून नजर जुळवून घेतें. पुढच्याचें बहुतेक फोनांत एका जागीं खिळविलेलें असतें. (महागड्या फोनांत ही उणीव अलीकडे दूर होत आहे, ॲपलनें आयफोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला ही सोय २०२२ मध्यें दिली.) खिळविलेली नजर साधारण हातभर अंतरासाठीं असते. ज्यांना मोतीबिंदूनें कमी दिसतें ते पडद्यावरील अक्षरें वाचण्यासाठीं फोन वीतभर अंतरावर आणतात आणि चेहरा पुसट होतो. शिवाय फार जवळून नाक फुगलेलें व कान आंखडलेले दिसतात. बारा इंचांवरून काढलेल्या चित्रांत नाक पांच फुटांवरच्यापेक्षां सुमारें तीस टक्के रुंद भासतें, असें २०१८ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं गणितानें दाखविलें आहे. अक्षरें दुसऱ्यानें वाचावींत, फोन हातभर दूर धरावा.

सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत वारंवार आढळणारें कारण शेवटीं राहिलें. हें भिंग फोनच्या वरच्या टोकाला, म्हणजे बोलतांना नेमकें कानशिलाशीं येतें. केंसांचें तेल आणि घाम त्यावर बसतो. त्यांत ऑक्टोबरांत सोयाबीनच्या मळणीची धूळ. पडद्यावर चिकटविलेली संरक्षक कांच किंचित् सरकली असली तर तिची कडहि आड येते. धुतलेल्या मऊ धोतराच्या किंवा लुगड्याच्या तुकड्यानें भिंग पुसून पाहिल्याखेरीज कोणीं नवा फोन घेऊं नये.

टॅब्लेटविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेनें प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट दिल्यापासून ते खेड्यांतहि दिसूं लागले आहेत. पुष्कळांचा कॅमेरा आंखूड बाजूवर असतो. टॅब्लेट आडवा ठेवला कीं तो डाव्याउजव्या कडेला जातो, आणि मुलगा पडद्यावरच्या शिक्षकांकडे पाहत असूनहि तो खिडकीबाहेर पाहत आहे असें त्यांना वाटतें. उगीच रागावूं नये. वही दाखवितांना त्याला स्वतःला अक्षरें उलटीं दिसतात, तेंहि आरशासारखें केवळ त्याच्यापुरतें असतें. पलीकडे तीं सुलटींच पोंचतात.

इतकें करूनहि दाखला उतरत नसेल, तर ॲप परवानगी देत असल्यास मुलानें वा नातवानें फोन हातीं धरून मागच्या कॅमेऱ्यानें प्रयत्न करावा. त्याचा सेन्सर मोठा असतो. तेंहि साधलें नाहीं तर चेहऱ्यावांचूनचे मार्ग बंद झालेले नाहींत. ठसा किंवा बुबुळ यंत्रावर देतां येतें, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा मनुष्य बोलाविल्यास घरीं येतो, आणि कागदावरचा दाखलाहि बँकेंत नेऊन देतां येतो. ऐंशीं वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे. ज्यांचे आईवडील गांवीं आहेत अशा शहरांतील मंडळींनीं दिवाळीला घरीं गेल्यावर हें काम आपल्या देखत, सकाळच्या उजेडांत, उरकून घ्यावें.