बाण निवडताना

अमेरिकेत परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. तिथला जाणता शिकारी आधी बाणाच्या दांड्याचा ताठपणा पाहतो. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच वाकला, तर त्याच्या ताठपणाचा आकडा 500. आकडा जितका लहान, तितका दांडा ताठ. जोरकस धनुष्याला तसाच लागतो.

मग बाणाच्या टोकाचं पातं. स्थिर पात्यात हलता भाग नसतो, म्हणून ते भरवशाचं. पण त्यावर हवेचा दाब येऊन बाण भरकटू शकतो. मिटलेलं, लागल्यावर उघडणारं पातं सरळ जातं, मात्र उघडण्यात ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे हलक्या धनुष्याला स्थिर पातंच बरं.

पात्याचं वजन बहुधा 100 किंवा 125 ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. ते वाढवलं की बाण सुटताना दांडा जास्त वाकतो. तेव्हा पातं बदलल्यावर दांडाही पुन्हा तपासावा.